फौजेच्या ग्राउंडचा खर्च : कशावर करावा, कशावर टाळावा

पोरगा पहाटे उठून पळायला लागला की आठवड्याभरात घरात खर्चाचा विषय निघतो. बूट हवेत, अंडी हवीत, अमक्याचा मुलगा अकॅडमीत गेलाय, तमक्याने पावडर सुरू केलीय. तालुक्याच्या चौकात अकॅडम्यांचे फलक लागलेलेच असतात, त्यावर वर्दीतल्या मुलांचे फोटो. मग दोन एकर कोरडवाहू कसणारं घरही उसनवारी करून तीस-चाळीस हजार उभे करतं आणि त्यातले बरेचसे भलत्या जागी जातात. म्हणून अग्निवीर भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी, आणि त्याहून जास्त त्यांच्या आईवडिलांसाठी, हा हिशेब मांडला आहे. दर पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांत साधारण चालतात ते धरले आहेत. पुण्या-मुंबईत थोडे वाढवून धरावेत.

आधी गाठायचं काय ते पक्कं करू. अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली. २०२३ पासून लष्कराने भरतीचा क्रम बदलला : आधी ऑनलाइन लेखी परीक्षा, तीत निवड झाली तरच रॅली. लेखीसाठी उमेदवाराकडून २५० रुपये शुल्क घेतलं गेलं आहे. भरतीसाठी सरकारकडे भरायचा पैसा एवढाच. याशिवाय कोणी साहेबांच्या, कार्यालयाच्या किंवा ‘सेटिंग’च्या नावाने पैसे मागत असेल तर तो तुम्हाला लुबाडतो आहे.

रॅलीत मुलांना १६०० मीटर पळायचं असतं. साडेपाच मिनिटांच्या आत आलात तर ६० गुण, पावणेसहाच्या आत ४८. बीम, म्हणजे पाइपला लटकून हनुवटी वर नेणं, दहा मारले तर ४० गुण. नऊला ३३, आठला २७, सातला २१, सहाला १६. नऊ फुटांचा खंदक आणि झिगझॅग बॅलन्स यांना गुण नाहीत, पण ते पार करावेच लागतात. मुलींना लष्करी पोलीस दलाच्या भरतीत १६०० मीटरसाठी साडेसात मिनिटं पहिल्या गटाला आणि आठ मिनिटं दुसऱ्या गटाला असतात; शिवाय दहा फूट लांब उडी, तीन फूट उंच उडी. वेळेचे गट आणि वयाची अट जाहिरातीगणिक बदलू शकतात, तेव्हा ‘जॉईन इंडियन आर्मी’ या अधिकृत संकेतस्थळावरची आपल्या वर्षाची जाहिरात डोळ्यांनी वाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या तक्त्यावर विसंबू नका.

पहिला पैसा तपासणीवर

बुटांच्याही आधी डॉक्टर. हे मी ठासून सांगतो, कारण लोक नेमकं उलटं करतात. वर्षभर अकॅडमीत घालवून, ग्राउंड काढून, मुलगा मेडिकलला अनफिट होतो, आणि कारण असं निघतं की जे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

काही गोष्टी तर घरी फुकट कळतात. महाराष्ट्रातल्या मुलांना जनरल ड्युटीसाठी उंची १६८ सेंटीमीटर आणि छाती ७७ सेंटीमीटर, फुगवून किमान पाच सेंटीमीटर जास्त, असा निकष आहे. भिंतीला टाच लावून, डोक्यावर पुस्तक आडवं धरून, सकाळी आणि संध्याकाळी अशी दोनदा उंची मोजा. संध्याकाळी माणूस थोडा कमी भरतो. पाय ओला करून कोरड्या फरशीवर ठसा उमटवा. तळव्याच्या आतल्या बाजूची कमान ठशात दिसलीच नाही, सगळा पाय सपाट उमटला, तर सपाट तळव्याची शंका घेऊन हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. घोटे जुळवून सरळ उभं राहता येतं का, की गुडघेच आधी एकमेकांना लागतात, तेही बघा.

बाकीची तपासणी सरकारी रुग्णालयात करून घ्या. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपर आणि तपासण्या मोफत आहेत. उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात नजर, रंगदृष्टी, कान, दात, हिमोग्लोबिन आणि वृषणाच्या पिशवीतली सूज किंवा फुगलेल्या शिरा एवढं दाखवून या. लाजून शेवटची गोष्ट मुलं सांगत नाहीत आणि मेडिकलला नेमकी तीच पकडली जाते. शस्त्रक्रिया लागलीच तर ती भरून यायला वेळ द्यावा लागतो, म्हणून आधी कळलेलं बरं. खासगीत हेच केलं तर रक्ताची साधी तपासणी दोन-चारशे, कानातला मळ काढणं तीन-पाचशे, दात साफ करणं पाचशे ते हजार, एखादा दात भरणं तेवढंच किंवा थोडं जास्त. सगळं मिळून दीड हजाराच्या आसपास धरा. यात उंची कमी पडली किंवा न सुधारणारा दोष निघाला, तर पुढचे चाळीस हजार वाचले. ते ऐकताना त्रास होतो, पण एकोणिसाव्या वर्षी दुसरी वाट धरायला वेळ असतो.

बूट

फिटनेससाठी बाजारातून घ्यायची एकच वस्तू अशी आहे की तिथे काटकसर करू नये, ती म्हणजे पळायचे बूट. भरतीच्या मुलांमध्ये सेगाचे बूट फार चालतात, सातशे-हजारात येतात, हलके असतात. वजन कमी असेल आणि मऊ मातीवर पळणं असेल तर ते चालून जातात. पण रोजचं पळणं डांबरीवर असेल, किंवा वजन पासष्ट किलोच्या वर असेल, तर दोन ते तीन हजारांचा, टाचेखाली जाड गादी असलेला रनिंगचा जोड घ्या. क्रिकेटचे, फुटबॉलचे, कॉलेजात घालायचे स्नीकर यांत पळू नका.

दुकानात संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. पळताना घालणार तेच मोजे घालून बूट चढवा, उभे राहा, अंगठ्याच्या पुढे हाताचा अंगठा मावेल एवढी जागा हवी. ती नसेल तर महिन्याभरात नख काळं पडतं. दुकानदार ‘वापरून सैल होईल’ म्हणतो; रनिंगचा बूट लांबीला सैल होत नाही. चांगला जोड पाचशे ते आठशे किलोमीटर टिकतो. आठवड्याला पस्तीस किलोमीटर पळणारा मुलगा चार महिन्यांत साडेपाचशे-सहाशे किलोमीटर पळतो, म्हणजे तयारीला एक जोड पुरतो. रॅलीसाठी म्हणून शेवटच्या आठवड्यात नवा जोड अजिबात घेऊ नये. बूट संपला हे ओळखायचं कसं? उलटा करून टाचेकडे बघा : एक बाजू जास्त झिजली असेल, आणि बाजूच्या फोमवर आडव्या सुरकुत्या कायमच्या बसल्या असतील, तर वरून तो कितीही चकचकीत दिसो, त्याची गादी मेलेली आहे.

दोन हाफ पँट, चार जोड मोजे आणि साधं डिजिटल घड्याळ यांना बाराशे रुपये पुरतात. मुलींनी त्यात घट्ट बसणाऱ्या स्पोर्ट्‌स ब्राचे सहाशे-सातशे वाढवावेत. तो खर्च बुटाइतकाच गरजेचा आहे.

मैदान फुकट आहे, फक्त मोजून घ्या

जिमची गरज नाही. सोळाशेचं गणित समजलं की झालं : साडेपाच मिनिटं म्हणजे ३३० सेकंद, चारशे मीटरच्या चार फेऱ्या, प्रत्येकी साडेब्याऐंशी सेकंद. दोनशेला साधारण ४१ सेकंद. मोबाइलचं अ‍ॅप गावच्या रस्त्यावर अंतर कमी-जास्त दाखवतं आणि मुलगा घरी ‘पाच वीसला आलो’ म्हणतो, रॅलीत मात्र सहाला येतो. गवंड्याकडे ५० मीटरची टेप असते. ती चार वेळा लावली की दोनशे मीटर, आठ वेळा लावली की चारशे. शाळेच्या मैदानावर चुन्याची खूण करा आणि घड्याळ लावून पळा.

रोज जीव खाऊन सोळाशे काढणं ही सगळ्यात सर्रास चूक. आठवड्यातून दोनच दिवस जोराचे ठेवा : एका दिवशी दोनशेच्या आठ धावा ४१-४२ सेकंदांत, मध्ये दीड-दोन मिनिटं चालणं, दुसऱ्या दिवशी चारशेच्या चार धावा, मध्ये तीन मिनिटं विश्रांती. एक दिवस सहा ते आठ किलोमीटर संथ, शेजारच्याशी बोलता येईल इतक्या वेगाने. बाकी तीन दिवस चार-पाच किलोमीटर हलकं पळणं. पूर्ण सोळाशे घड्याळावर पंधरा दिवसांतून एकदा. एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे सुट्टी. शून्यातून सुरुवात करणाऱ्याने पहिले तीन आठवडे जोराच्या धावा करूच नयेत. चालणं-पळणं मिसळून अंतर हळूहळू वाढवावं.

बीमला पाइप लागतो. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून दोन खांब आणि मधे सव्वा इंची जीआय पाइप, उडी मारून हाताला लागेल एवढ्या उंचीवर, दोन-अडीच हजारांत उभा राहतो. आठ पोरांनी वर्गणी काढली तर माणशी तीनशे. खांब दोन-अडीच फूट जमिनीत काँक्रीटमध्ये पुरायला सांगा, नाहीतर दहा जण लोंबकळल्यावर तो हलायला लागतो. एकही बीम निघत नसेल तर स्टुलावरून वर जाऊन हनुवटी पाइपच्या वर ठेवा आणि पाच सेकंद मोजत सावकाश खाली या. रोजाआड पाच-सहा वेळा असं केलं की महिन्याभरात पहिला बीम निघतो. झोके घेऊन मारलेले बीम घरी मोजायचे नाहीत. रॅलीतला हवालदारही ते मोजत नाही. जोर, बैठका, सपाट्या यांना आपल्याकडे तालमीची परंपरा आहेच. त्यासाठी यंत्र विकत घ्यायची गरज नाही.

खुराक

खरा पैसा लागतो तो इथे, आणि तो लागला पाहिजे. साठ किलोच्या, रोज पळणाऱ्या मुलाला दिवसाला पंच्याहत्तर ते नव्वद ग्रॅम प्रथिनं लागतात. घरच्या भाकरी, डाळ, उसळीतून त्यातली पस्तीस-चाळीस मिळतात. वरचं असं भरून काढा : अर्धा लिटर दूध तीस रुपयांचं, त्यात सोळा ग्रॅम. तीन अंडी एकवीस ते चोवीस रुपयांना, अठरा ग्रॅम. मूठभर म्हणजे पन्नास ग्रॅम शेंगदाणे आठ रुपयांचे, बारा-तेरा ग्रॅम. तेवढेच हरभरे भिजवून, पाच रुपयांत दहा ग्रॅम. तीस ग्रॅम सोयाबीन वड्या चार रुपयांत पंधरा ग्रॅम. पळून आल्यावर दोन केळी, नऊ-दहा रुपये. झाले दिवसाचे ऐंशी रुपये, महिन्याचे चोवीसशे, आणि प्रथिनं गरजेपेक्षा थोडी जास्तच. माळकरी घरात अंड्यांच्या जागी सोया वड्या आणि दही वाढवा. खर्च उलट कमी होतो. घरची म्हैस असेल तर चोवीसशेचे पंधराशे होतात.

याच्यासमोर पावडरचा डबा ठेवून बघा. किलोचा व्हे प्रोटीन दोन ते साडेतीन हजारांना येतो आणि महिन्याभरात संपतो. वर जी यादी दिली ती खाणाऱ्याला त्याची गरज पडत नाही. ‘मास गेनर’ म्हणून मिळणाऱ्या डब्यांत तर बहुतेक भाग साखर आणि पिष्ट असतं. ते काम गूळ-शेंगदाण्याचा लाडू करतो. तरीही घ्यायचाच असेल तर डब्यावर एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक आहे का आणि दुकानदार पक्कं बिल देतो का ते बघा. आणि ग्राउंडच्या आधी ‘स्टॅमिना वाढवणारं’ इंजेक्शन किंवा गोळी कोणी देऊ केली तर तिथून उठून या. उन्हात, उपाशीपोटी, जिवाच्या आकांताने पळणाऱ्या पोराच्या हृदयाशी हा खेळ आहे. ज्या अकॅडमीत असं चालतं ती अकॅडमी त्याच दिवशी सोडा, भरलेली फी गेली तरी.

मुलींनी, आणि अशक्तपणा वाटणाऱ्या मुलांनीही, हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय पळणं वाढवू नये. ते कमी असेल तर कितीही सराव करा, दम लागतच राहतो. लोहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. डॉक्टर सांगतील तेवढे दिवस घ्या.

अकॅडमी : घ्यावी का, कितीला

माझं मत स्पष्ट आहे. ज्याच्या गावात पळणाऱ्या पाच-सहा पोरांचा गट आहे आणि शिकवणारा एखादा सुट्टीवरचा किंवा निवृत्त फौजी आहे, त्याला ग्राउंडसाठी अकॅडमीची गरज नाही. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे मिलिटरी, कोल्हापूर जिल्ह्यातलं सैनिक टाकळी अशा गावांत पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलं आहे. ज्याला गट नाही, घरी अभ्यासाला जागा नाही, किंवा गणित आणि सामान्यज्ञान फार कच्चं आहे, त्याला अकॅडमीचा उपयोग होतो. आता लेखी आधी असल्याने हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा : नुसतं ग्राउंड करून घेणारी अकॅडमी तुम्हाला रॅलीच्या दारापर्यंतही नेणार नाही.

जाऊन-येऊन असेल तर महिना दीड ते तीन हजार, राहून-खाऊन असेल तर सहा ते दहा हजार असा साधारण दर आहे. त्यावर प्रवेश फी, ट्रॅकसूट, पुस्तकं म्हणून दोन-तीन हजार वेगळे लागतात. ते आधीच विचारून घ्या. ठरवण्याआधी एका पहाटे पाच वाजता न सांगता जा. किती मुलांमागे एक शिकवणारा आहे ते मोजा. मेसमध्ये जेवणाच्या वेळी जा आणि ताटात काय पडतं ते बघा. आठ हजार घेऊन पातळ वरण आणि दोन पोळ्या असतील तर मुलाच्या अंड्या-दुधाचे हजार रुपये तुम्हाला वरून द्यावे लागणार आहेत. लंगडणारी मुलं दिसली तर ती का लंगडताहेत, त्यांना विश्रांती देतात का, हे त्या मुलांनाच विचारा.

पैसे महिन्याच्या महिन्याला भरा. वर्षाची फी एकरकमी भरली तर सवलत देतो म्हणतात. मुलगा तिसऱ्या आठवड्यात परत आला तर ती सवलत महागात पडते. पावती घ्या. दहावी-बारावीची मूळ गुणपत्रिका कोणाच्याही ताब्यात देऊ नका, झेरॉक्स द्या. ‘भरती करूनच देतो, नाहीतर पैसे परत’ असं कोणी म्हणालं तर ते कागदावर लिहून मागा. लिहून देत नाहीत, आणि तेच त्या आश्वासनाचं उत्तर असतं. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. पावतीशिवाय मात्र तिथे हात बांधले जातात.

फुकट प्रशिक्षणाची दारं आधी ठोठावा. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी बार्टी, आणि इतर मागासवर्ग, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती यांनी पोलीस आणि सैन्य भरतीपूर्व प्रशिक्षणाच्या तुकड्या चालवल्या आहेत. मराठा-कुणबी मुलांनी सारथीच्या, आदिवासी मुलांनी आदिवासी विकास विभागाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं. माजी सैनिकांच्या मुलांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी. अर्जाची मुदत थोड्या दिवसांची असते आणि उत्पन्नाचा, जातीचा दाखला वेळेवर हाताशी नसतो म्हणून संधी हुकते. दाखले आजच काढून ठेवा.

चार महिन्यांचा एकूण हिशेब असा बसतो. घरी राहून : बूट अडीच हजार, कपडे-घड्याळ बाराशे, तपासणी दीड हजार, बीमची वर्गणी तीनशे, खुराक ९,६००, परीक्षा शुल्क, कागदपत्रं आणि लेखी-रॅलीचा प्रवास मिळून साडेतीन हजार. एकूण १८,६००. जाऊन-येऊन अकॅडमी लावली, महिना दोन हजारांची, तर २६,६००. निवासी, महिना आठ हजारांची, प्रवेशाचे तीन हजार आणि वरच्या खुराकाचे महिना हजार धरून, ४७,७००. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात २९ हजारांचा फरक आहे. अग्निवीराचा पहिल्या वर्षीचा पगार महिना ३० हजार. त्यातले नऊ हजार सेवानिधीत कापून २१ हजार हातात येतात. चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्के मुलांनाच पुढे कायम करतात. या नोकरीच्या भरवशावर व्याजाने पैसे काढण्याआधी हे आकडे घरात मोठ्याने वाचा.

नडगी दुखायला लागली तर

या तयारीत सगळ्यात महाग पडते ती दुखापत. पळण्याचं अंतर एकदम वाढवलं की नडगी दुखते. सगळी नडगी ठणकत असेल, थांबल्यावर बरं वाटत असेल, तर आठ-दहा दिवस पळणं कमी करून, मातीवर पळून, बर्फ लावून ती बहुधा शांत होते. पण एका बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी कळ येत असेल, एका पायावर उडी मारता येत नसेल, रात्रीही दुखत असेल, तर हाडाला बारीक चीर असण्याची शक्यता आहे. तीन-पाचशेच्या एक्स-रेमध्ये ती सुरुवातीला दिसतेच असं नाही, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर पुन्हा पळायला लागू नका. हाडांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. सहा-आठ आठवडे थांबावं लागतं. वेदनाशामक गोळी खाऊन पळणारा मुलगा दोन महिन्यांची विश्रांती वाचवायला जातो आणि वर्ष घालवतो.

निवड झाल्यानंतरचे आठवडेही याच दृष्टीने बघा. यादीत नाव आलं की सत्कार, जेवणावळी, देवदर्शन सुरू होतात आणि पळणं सुटतं. मग बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात, नाशिक रोडला तोफखान्यात किंवा खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये पोचल्यावर पहाटेची पीटी, ड्रिल, दोरावर चढणं, पाठीवर सामान घेऊन चाल हे सगळं एकदम अंगावर येतं, आणि हाडं तिथेच मोडतात. त्या दिवसांत सोळाशेचा वेग विसरा. आठवड्यातून चार दिवस पाच-सहा किलोमीटर संथ पळा, एक दिवस पाठीवर आठ-दहा किलोची पिशवी घेऊन माळावर तासभर चाला, बीम आणि जोर चालू ठेवा, रात्री नऊला झोपा. त्याला वेगळा खर्च नाही. वर्दी, बूट, जेवण, औषधपाणी केंद्रात सरकारी असतं. घरून महागडं सामान नेण्याची गरज नाही. प्रशिक्षणात पाय दुखायला लागला तर लपवू नका. मागच्या तुकडीत टाकतील या भीतीने मुलं गप्प बसतात आणि चीर वाढत जाते. ज्या दिवशी दुखेल त्याच दिवशी उस्तादांना सांगा आणि एमआय रूममध्ये, म्हणजे केंद्राच्या दवाखान्यात, जाऊन दाखवा.